ओढ्याकाठचा हिमालयन बाल्सम कसा हटवावा: कामाचा क्रम, वेळ आणि नेहमी होणाऱ्या चुका

ब्रिटनमध्ये नद्या, ओढे, कालवे आणि पाणथळ कुरणे यांच्या काठाने जुलैपासून ऑक्टोबरपर्यंत माणसाच्या डोक्यावरून जाणारा गुलाबी-जांभळ्या फुलांचा जो दाट ताटवा दिसतो, तो हिमालयन बाल्सम होय. आपल्या तेरड्याच्याच कुळातली ही वनस्पती बागेच्या शोभेसाठी आणली गेली आणि पाण्याच्या वाटेने कुंपणाबाहेर पसरली. ती काढण्यासाठी दर उन्हाळ्यात ठिकठिकाणी स्वयंसेवकांचे गट काठावर उतरतात. या कामाला इथे ‘बाल्सम बॅशिंग’ असे नाव आहे. उत्तर इंग्लंडमधल्या अशाच एका गटाबरोबर मी काही वर्षे काम करतो आहे, आणि दरवर्षी नव्याने येणाऱ्या मंडळींच्या हातून त्याच त्या चुका होताना पाहून हा लेख लिहावासा वाटला.

हे झाड उपटायला अतिशय सोपे आहे, लहान मूलही ते मुळासकट काढू शकते, आणि खरी अडचण याच सोपेपणात आहे. उपटता आले म्हणजे काम झाले असे वाटते आणि कुठून सुरुवात करायची, कोणत्या आठवड्यात जायचे, उपटलेल्या झाडाचे काय करायचे, पुन्हा केव्हा यायचे, या चार प्रश्नांकडे दुर्लक्ष होते. यश मात्र या चार उत्तरांवरच ठरते.

पुढील पायऱ्यांमागचे कारण समजण्यासाठी झाडाचा जीवनक्रम माहीत असणे आवश्यक आहे. हिमालयन बाल्सम वर्षायू आहे. हिवाळ्याची थंडी खाल्लेले बी फेब्रुवारी-मार्चपासून रुजते, उन्हाळ्यात झाड दोन ते तीन मीटर उंच होते, जून-जुलैपासून फुलते, बोंडे फोडून बी उधळते आणि पहिल्या कडाक्याच्या थंडीत मरून जाते. एका झाडाला ८०० पर्यंत बिया येऊ शकतात आणि पिकलेले बोंड फुटले की त्या सात मीटरपर्यंत उडतात. पाण्यात पडल्यास त्याहून कितीतरी दूर जातात. मातीत पडलेले बी मात्र साधारण दीड ते दोन वर्षांच्या पुढे फारसे टिकत नाही. म्हणजे सलग दोन-तीन वर्षे एकाही झाडाला बी धरू दिले नाही, तर ती जागा मोकळी होते. ताटव्याच्या दाट सावलीखाली गवत व इतर रोपे तग धरत नाहीत, त्यामुळे हिवाळ्यात बाल्सम मेला की काठ उघडा पडतो आणि पुराच्या पाण्याने माती वाहून जाते, हे त्याचे मुख्य नुकसान आहे.

## १. ओळख पक्की करा

उन्हाळ्यात ओढ्याकाठी गुलाबी दिसणारे प्रत्येक झाड बाल्सम नसते. खोड पोकळ, रसाळ, तांबूस छटेचे आणि उसासारखे पेरापेरांचे असते. पाने लांबट व टोकदार, कडा बारीक करवतीसारख्या, मधली शीर बहुधा तांबूस. एका पेरावर ती समोरासमोर दोन किंवा वर्तुळात तीन अशी येतात. फूल शिरस्त्राणाच्या आकाराचे, गुलाबी, जांभळट किंवा क्वचित पांढरे असून त्याला उग्र गोडसर वास येतो. ज्याने लहानपणी तेरड्याची बोंडे बोटांत धरून फोडली आहेत, त्याला या झाडाचे बोंड वेगळे शिकवावे लागत नाही.

गोंधळ प्रामुख्याने तीन झाडांशी होतो. रोझबे विलोहर्बची पाने अरुंद असतात, ती एकाआड एक येतात आणि फूल चार पाकळ्यांचे, उघडे असते. पर्पल लूसस्ट्राइफचे खोड चौकोनी व चिवट असते आणि फुले उभ्या तुऱ्यात लागतात. ही दोन्ही ब्रिटनमधली मूळची झाडे आहेत, त्यांना हात लावू नये. (उत्तर अमेरिकेत राहणाऱ्या वाचकांसाठी चित्र उलटे आहे, तिथल्या पाणथळ जागांवर हीच लूसस्ट्राइफ उपद्रवी ठरली आहे.) तिसरे झाड म्हणजे पिवळ्या फुलांचा टच-मी-नॉट बाल्सम. हा ब्रिटनचा स्वतःचा बाल्सम असून प्रामुख्याने लेक डिस्ट्रिक्ट आणि वेल्सच्या काही भागांत आढळतो, आणि नेटेड कार्पेट नावाच्या दुर्मीळ पतंगाच्या अळ्या केवळ त्याच्यावर जगतात. फूल येण्याआधी दोन्ही बाल्सम दिसायला जवळचे असल्याने त्या भागात स्थानिक जाणकाराला दाखवल्याशिवाय एकही रोप उपटू नये.

तपासणी: खोड मोडून पाहा. ते पोकळ व पाणीदार आहे का, आणि पानांच्या देठांच्या बुडाशी बारीक ग्रंथी आहेत का? दोन्हींची उत्तरे ‘हो’ आली तरच पुढे जा.

## २. जागेची परवानगी घ्या

ओढ्याचा काठ सार्वजनिक दिसला तरी तो कुणाच्या तरी मालकीचा असतो. बहुतेक वेळा शेतकरी, स्थानिक कौन्सिल किंवा एखादी संस्था त्याची मालक असते. त्यांची संमती घेतल्याशिवाय काठावर उतरू नये. विशेष वैज्ञानिक महत्त्वाची म्हणून संरक्षित केलेली जागा असेल, तर संबंधित निसर्गसंवर्धन यंत्रणेची संमतीही लागू शकते, म्हणून मालकाला हा प्रश्न आधीच विचारावा. एकट्याने सुरुवात करण्यापेक्षा त्या नदीवर काम करणारा गट शोधून त्यात सामील होणे केव्हाही श्रेयस्कर, कारण परवानग्या, विमा आणि वरच्या अंगाची माहिती त्यांच्याकडे तयार असते.

कायद्याची बाजू थोडक्यात अशी. इंग्लंड व वेल्समध्ये हे झाड उघड्या निसर्गात लावणे किंवा तिथे वाढेल असे काही करणे हा गुन्हा आहे. परकीय आक्रमक जातींविषयीच्या २०१९ च्या आदेशाने त्याची विक्री, लागवड आणि वाहतूक यांवरही बंधने घातली आहेत. उपटलेली झाडे गाडीत घालून घरच्या कचरापेटीत नेणे हा सद्भावनेने केलेला उपद्व्यापही त्यामुळे अडचणीचा ठरू शकतो. उपटलेले झाड शक्यतो उपटल्या जागीच संपवायचे, हा नियम धरून चालावे.

## ३. उगमाच्या दिशेने चाला आणि नकाशा करा

सर्वांत महाग पडणारी चूक या टप्प्यावर होते. गाडी जिथे लावता येते, पूल जिथे आहे किंवा ताटवा जिथे सर्वांत दाट दिसतो, तिथून काम सुरू केले जाते. दिवसभर राबून शंभर मीटर काठ स्वच्छ होतो, फोटो निघतात आणि हिवाळ्याच्या पुरात वरच्या अंगाचे बी वाहत येऊन त्याच मोकळ्या, उजेड मिळालेल्या मातीत बसते. आमच्या गटाने पहिले वर्ष असेच घालवले. दुसऱ्या मेमध्ये तो पट्टा आधीपेक्षा दाट हिरवा झालेला पाहिल्यावर क्रमाचे महत्त्व पटले.

म्हणून उपटायला जाण्याआधी, एप्रिलच्या अखेरीस किंवा मेमध्ये, काठाने उगमाकडे चालत जावे. सलग काही शे मीटर एकही रोप दिसत नाही अशी जागा येईपर्यंत चालत राहावे आणि सर्वांत वरचे रोप जिथे सापडेल तिथे खूण करावी. वाटेत मिळणारा प्रत्येक उपओढा, शेताचा चर आणि रस्त्याकडेचा पाण्याचा नाला वेगळा तपासावा. केवळ मुख्य प्रवाह पाहून परत फिरणे ही पहिलीइतकीच मोठी चूक आहे, कारण बी बहुतेक वेळा अशा एखाद्या बारीक चरातून येत असते. काठापासून दूर असलेले मातीचे ढीग आणि बागांच्या मागे टाकलेला पालापाचोळाही पाहावा. आढळलेल्या जागा मोबाइलच्या नकाशावर नोंदवाव्यात. आय-रेकॉर्डसारख्या ॲपवर नोंद केल्यास ती इतरांच्याही उपयोगी पडते.

नकाशा झाला की काठाचे तुकडे पाडावेत आणि त्यांना वरून खाली क्रमांक द्यावेत. पहिल्या क्रमांकाचा तुकडा पूर्ण मोकळा झाल्याशिवाय दुसऱ्याला हात लावू नये. माणसे कमी असतील तर खालचे तुकडे त्या वर्षी सोडून द्यावेत. डोळ्यांसमोर फुललेला ताटवा तसाच ठेवून वर चढावर चार-दोन रोपे शोधत फिरणे मनाला पटत नाही, पण पाण्याच्या कामात वरची चार रोपे खालच्या चारशेंपेक्षा जड असतात.

खबरदारी: वरच्या जमिनीचा मालक परवानगी देत नसेल, तर त्याच्या हद्दीखाली केलेले काम दरवर्षी करावे लागेल हे गृहीत धरून ठरवा. अशा वेळी दुसरा, पूर्ण हातात असलेला उपओढा निवडणे शहाणपणाचे ठरते.

## ४. तारखा आधी ठरवा

लोकांना बाल्सम दिसतो तो गुलाबी झाल्यावर, म्हणजे जुलै उलटल्यावर, आणि उत्साह येतो तो ऑगस्टच्या सुट्टीत. तोवर खालची बोंडे पिकू लागलेली असतात. अशा वेळी झाडांत शिरणारा माणूस प्रत्येक पावलाला बी उधळतो आणि कपड्यांवरून, बुटांच्या तळव्यांतून पुढच्या काठावर पोहोचवतो.

उलट एप्रिलमध्ये जाणेही फारसे उपयोगाचे नाही. रोपे तेव्हा बोटभर असतात, इतर झाडीत लपतात, आणि उगवण सर्व एकदम होत नसल्याने मागाहून येणारी रोपे मोकळ्या जागेचा फायदा घेतात.

पहिली फेरी मेच्या अखेरपासून जूनच्या मध्यापर्यंत घ्यावी. झाडे तेव्हा गुडघ्यापासून कमरेपर्यंत आलेली, सहज दिसणारी आणि बिनफुलांची असतात. त्यानंतर दर दोन-तीन आठवड्यांनी, किमान ऑगस्टच्या मध्यापर्यंत, त्याच तुकड्यावर परत यावे. शेवटची नजर सप्टेंबरमध्ये टाकावी. दक्षिण इंग्लंडमध्ये फुले लवकर येतात, त्यामुळे तिथे सर्व तारखा आठवडा-दोन आठवडे अलीकडे घ्याव्यात. या सर्व फेऱ्यांच्या तारखा पहिल्या दिवसाआधीच गटाला कळवाव्यात. तेरड्याचा रंग तीन दिवस, तसा स्वयंसेवकांचा उत्साहही पहिल्या फेरीपुरताच असतो, हे अनुभवाने सांगतो.

## ५. साहित्य आणि सुरक्षितता

साहित्य थोडेच लागते: गमबूट, जाड हातमोजे, पूर्ण बाह्यांचा शर्ट, लांब पँट, ताडपत्री, मजबूत जाड पिशव्या, छाटणीची कात्री, पिण्याचे व हात धुण्याचे वेगवेगळे पाणी आणि बूट घासायला कडक ब्रश. बाल्समचा स्पर्श त्रासदायक नाही. हातमोजे लागतात ते त्याच्यात मिसळून उगवणाऱ्या खाजऱ्या नेटलसाठी आणि काटेरी ब्रॅम्बलसाठी.

खरा धोका दुसऱ्याच झाडाचा आहे. त्याच काठांवर जायंट हॉगवीड उगवते. तीन मीटरहून उंच वाढणाऱ्या, छत्रीसारख्या पांढऱ्या फुलांच्या या झाडाचा रस त्वचेला लागून त्यावर ऊन पडले, तर भाजल्यासारखे मोठे फोड येतात. उंच झाडे ओळखता येतात, पण त्याची लहान रोपे बाल्सममध्ये दडलेली असतात. म्हणून उपटायच्या आधी पूर्ण तुकडा डोळ्यांखालून घालावा आणि हॉगवीड दिसल्यास ती जागा वगळावी. रस लागलाच तर तो भाग लगेच साबण-पाण्याने धुऊन उन्हापासून झाकावा आणि डॉक्टरांना दाखवावा.

ओढ्याच्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिस होऊ शकतो. मुंबईच्या पावसाळ्यात आपण ज्याच्या भीतीने साचलेल्या पाण्यात पाय घालत नाही, तोच हा उंदरांच्या मूत्रातून पसरणारा आजार. हातावरच्या जखमा जलरोधक पट्टीने झाकाव्यात आणि हात न धुता खाऊ नये. घरी गेल्यावर अंगावर गोचीड आहे का हे पाहावे. आदल्या दिवशी जोराचा पाऊस झाला असेल तर फेरी पुढे ढकलावी, आणि एकट्याने कधीही उतरू नये.

मार्च ते ऑगस्ट हा पक्ष्यांच्या विणीचा काळ असतो आणि वापरात असलेले घरटे मोडणे गुन्हा आहे. घरटे दिसले किंवा एखादा पक्षी सतत ओरडत भोवती घिरट्या घालू लागला, तर तेवढा भाग सोडून पुढे जावे.

## ६. उपटण्याची पद्धत

काठावर आधी कुणी उभे राहायचे आणि कुणी नाही हे ठरवून घ्यावे. तीव्र उतारावर, खचलेल्या कडेवर लहान मुलांना ठेवू नये. त्यांना वरच्या सपाट भागातली रोपे द्यावीत. दोन-तीन मीटर अंतर ठेवून सर्वांनी एका ओळीत, एकाच दिशेने सरकावे. हवे तिथे विखुरले की प्रत्येकाला वाटते, मधली झाडे दुसऱ्याने काढली.

झाड जमिनीलगत, सर्वांत खालच्या पेराच्याही खाली धरावे आणि सरळ वर, सावकाश ओढावे. मुळे दहा-पंधरा सेंटिमीटरपेक्षा खोल जात नाहीत, त्यामुळे ओल्या मातीतून ती अलगद येतात. झटका दिला किंवा वरच्या भागाला धरून ओढले तर पोकळ खोड पेरावर तुटते, बुडखा जमिनीत राहतो आणि त्यातून दोन-चार नवे फाटे फुटतात. हे फाटे आखूड असतात, इतर गवतात दिसत नाहीत, आणि मूळ झाडापेक्षा उशिरा पण हमखास फुलतात. खोड तुटले तर पुढे न जाता खाली वाकून बुडखा काढलाच पाहिजे.

उपटल्यावर लगेच, झाड हातातून टाकण्याआधी, दुसरी क्रिया करावी लागते आणि नव्वद टक्के नवे स्वयंसेवक ती विसरतात (हा आकडा कुणी मोजलेला नाही, पण माझ्या अंदाजाला फार चुकीचा नाही). सर्वांत खालच्या पेराखाली खोड मोडून मुळे वेगळी करावीत आणि नंतर खोड पायाखाली किंवा हाताने चिरडावे. बाल्समच्या खालच्या पेरांतून नवी मुळे फुटण्याची ताकद असते. सबंध झाड ओल्या मातीवर आडवे टाकले, तर ते काही दिवसांत पेरांतून मातीला धरते, शेंडा वर वळवते आणि आडव्या अवस्थेतच फुलते.

उपटताना मुळाला लागलेली माती तिथेच झटकावी. ढेकळासकट झाड ढिगावर नेले तर काठाची माती जाते आणि ढिगातली मुळे ओलसर राहतात.

तपासणी: तुकडा संपल्यावर उलट दिशेने, खाली वाकून एकदा परत चाला. दुसऱ्या बाजूने पडणाऱ्या उजेडात मागे राहिलेली रोपे दिसतात. प्रत्येक वेळी काही ना काही सापडतेच.

## ७. मोठा ताटवा असेल तर

सलग पसरलेल्या दाट ताटव्यावर हात पुरत नाहीत आणि तिथे ग्रास कटर किंवा विळ्याने कापणे भाग पडते. कापायचे ते जमिनीला टेकून, पहिल्या पेराखाली. एक पेर जरी खाली राहिले तरी ते फुटते. कळ्या धरू लागल्यावर पण बोंडे येण्याआधी कापावे, फार लवकर कापल्यास झाडाला पुन्हा वाढायला अख्खा उन्हाळा मिळतो. ग्रास कटर भोवतालची मूळची झाडेही सरसकट कापतो, म्हणून जिथे बाल्समखेरीज फारसे काही उरलेले नाही तिथेच तो वापरावा आणि कडा हाताने काढाव्यात. गुरे व मेंढ्या बाल्सम खातात. शेतकरी तयार असेल तर वसंतापासून काठावर माफक चराई करणे हाही उपाय आहे, मात्र जनावरांच्या खुरांनी काठ तुडवला जाणार नाही हे पाहावे लागते.

तणनाशकाचा विचार सामान्य स्वयंसेवकाने करू नये. पाण्याच्या लगत फवारणी करायला इंग्लंडमध्ये एन्व्हायर्नमेंट एजन्सीची पूर्वसंमती आणि फवारणाऱ्याकडे प्रमाणपत्र लागते. बाजारातली बाटली आणून काठावर मारणे बेकायदेशीर तर आहेच, शिवाय त्याने काठ उघडा पडतो आणि पुढच्या वर्षीच्या बाल्समला तीच जागा आयती मिळते.

## ८. ढीग कुठे आणि कसा

उपटलेली झाडे प्रवाहापासून लांब, पुराची रेषा जिथे पोहोचत नाही अशा कोरड्या, शक्यतो सावलीच्या जागी न्यावीत. जमिनीशी संपर्क तुटावा म्हणून खाली ताडपत्री, जुने लाकडी पॅलेट किंवा तोडलेल्या फांद्यांचा थर द्यावा आणि ढीग पसरट न ठेवता उंच रचावा. झाडात पाण्याचा अंश इतका असतो की माणसाएवढा ढीग काही आठवड्यांत गुडघ्याएवढा होतो. कोणत्याही कारणाने झाडे पाण्यात टाकू नयेत. उपटून प्रवाहात सोडून देणे म्हणजे खालच्या गावाला लागवड पाठवणे होय.

ढिगाची जागा नकाशावर नोंदवून पुढच्या फेरीत तो उलथून पाहावा. कडेची किंवा तळाची झाडे हिरवी असतील तर त्यांना मुळे फुटली आहेत असे समजून ती पुन्हा मोडावीत.

## ९. बोंडे धरलेली झाडे

उशीर झालाच आणि बोंडे आलेली दिसली, तर आधी थांबून पाहावे. हिरवे, कोवळे, बोटाने दाबल्यावर न फुटणारे बोंड असेल तर काळजीपूर्वक काम करता येते. त्यासाठी जाड पिशवी वरून हलक्या हाताने शेंड्यावर चढवावी, खाली घट्ट बांधावी, पिशवीखाली खोड कापावे, आणि नंतरच उरलेले झाड उपटावे. पिशवी तोंड बांधलेल्या अवस्थेतच सावलीत ठेवून आतला माल पूर्ण कुजू द्यावा. तिचे पुढे काय करायचे हे जागेच्या मालकाशी व स्थानिक कौन्सिलशी बोलून ठरवावे. कोवळी बोंडे उपटलेल्या झाडावरही खोडातल्या ओलाव्याने पिकू शकतात, म्हणून अशी झाडे साध्या ढिगावर टाकू नयेत आणि घरच्या कंपोस्टमध्येही घालू नयेत.

बोंडे पिकून फुटू लागली असतील तर त्या वर्षी तो तुकडा सोडून द्यावा. ही सूचना लोकांना पटत नाही. समोर झाड उभे आहे आणि हात बांधून परत फिरायचे, याचा त्रास होतो, परंतु पिकलेल्या ताटव्यात शिरून जे बी दहा मीटरमध्ये पडणार होते ते आपण शंभर मीटरवर नेतो. त्याऐवजी जागा नोंदवावी आणि पुढच्या जूनमध्ये पहिल्या दिवशी तिथे पोहोचावे.

खबरदारी: काम संपल्यावर निघण्याआधी बुटांचे तळवे, पँटच्या दुमडी, मोजे, कुत्र्याचे केस आणि ताडपत्रीच्या घड्या तपासा, चिखल तिथेच ब्रशने काढा, घरी गेल्यावर सर्व साहित्य धुऊन पूर्ण वाळवा. ‘तपासा, धुवा, वाळवा’ या तीन शब्दांत ब्रिटनमध्ये या नियमाचा प्रचार केला जातो.

## १०. गौरींच्या दिवसांतला मोह

हा टप्पा इंग्रजी मार्गदर्शकांत सापडणार नाही, म्हणून येथे मुद्दाम देत आहे. आपल्याकडे अनेक घरांत, विशेषतः कोकणात, तेरड्याची रोपे आणून त्यांची गौर मांडतात. भाद्रपदातल्या त्या दिवसांत ब्रिटनच्या ओढ्याकाठी बाल्सम ऐन भरात असतो, तेरड्यासारखाच दिसतो आणि फुकट मिळतो. चार डहाळ्या मुळासकट घरी आणाव्यात, पूजा झाल्यावर बागेच्या कोपऱ्यात ठेवाव्यात किंवा प्रथेप्रमाणे वाहत्या पाण्यात सोडाव्यात, असे कुणाच्याही मनात येणे स्वाभाविक आहे. पण ऑगस्ट-सप्टेंबरच्या प्रत्येक डहाळीवर फुलांबरोबर बोंडे असतात, आणि घराची ऊब लागली की ती फटाक्यांसारखी फुटतात. झाडाच्या वाहतुकीवरचे बंधन वर सांगितलेच आहे.

यावर साधा पर्याय म्हणजे खरा तेरडा कुंडीत लावणे. त्याचे बी इथे गार्डन बाल्सम या नावाने मिळते. एप्रिलअखेर किंवा मेमध्ये घरात उबदार खिडकीशी पेरावे, थंडीचा धोका टळल्यावर कुंडी बाहेर ठेवावी. साधारण दोन ते अडीच महिन्यांत फुले येतात, आणि गौरी उशिरा असतील तर जूनमध्ये आणखी थोडे बी पेरून ठेवावे.

## ११. दुसरे आणि तिसरे वर्ष

पहिल्या वर्षी काम चोख झाले तरी पुढच्या वसंतात रोपे येणारच, कारण आदल्या वर्षीचे बी मातीत असते. त्यांना पाहून पहिले वर्ष वाया गेले असे समजून गट मोडतात. रोपांची संख्या दाट असेल तर पहिल्या फेरीत नेटाने उपटावे. दुसऱ्या वर्षी एकही झाड बोंडापर्यंत गेले नाही, तर तिसऱ्या वसंतात फरक डोळ्यांना दिसतो. या काळात कष्ट कमी आणि शोधाशोध जास्त असते. नेटलच्या दाटीत, पडलेल्या झाडाखाली, काठाच्या कपारीत एखादे रोप राहते. ८०० बियांतल्या शंभरातली एक जरी रुजली तरी त्या एका चुकलेल्या झाडाची पुढच्या वर्षी आठ झाडे होतात.

काठ मोकळा झाल्यावर तिथे काय येते याकडेही लक्ष द्यावे. बहुतेक ठिकाणी गवत व मूळची रोपे आपोआप परततात. मोठा उघडा पट्टा राहिला असेल तर जागेच्या मालकाशी बोलून त्याच परिसरातल्या मूळच्या गवताचे बी शरद ऋतूत टाकावे, म्हणजे हिवाळ्यात माती धरली जाईल. बागेतले उरलेले बी किंवा दुकानातले रंगीत फुलांचे मिश्रण काठावर टाकणे म्हणजे पुढच्या उपद्रवाला निमंत्रण होय.

शेजारी मधमाश्या पाळणारे कुणी असेल तर या कामाबद्दल त्यांच्याशी आधी बोलावे. बाल्समला मध भरपूर असतो, उन्हाळ्याच्या शेवटी त्यावरून परतणाऱ्या माश्यांच्या पाठी पांढऱ्या परागाने माखलेल्या दिसतात, आणि इतर फुले संपल्यावर तोच त्यांचा आधार असल्याने ताटवा काढलेला त्यांना रुचत नाही. शक्य असेल तिथे आयव्हीसारख्या उशिरा फुलणाऱ्या मूळच्या वेली काठालगतच्या कुंपणांवर राखाव्यात.

२०१४ पासून ब्रिटनमध्ये या झाडावर वाढणारी तांबेऱ्याची एक बुरशी नियंत्रणासाठी सोडली जात आहे. पानांच्या खाली तांबूस ठिपके दिसले आणि त्या जागी असा प्रयोग चालू असल्याची सूचना लावलेली असेल, तर तिथली झाडे उपटू नयेत. बुरशी सर्व ठिकाणच्या बाल्समवर सारखी धरत नाही, त्यामुळे तिच्या भरवशावर वरच्या अंगाची जूनची फेरी चुकवू नये.